पाठमोरा पणजोबा

आमच्या चित्रदालनात चित्रांना आठवड्याची सुट्टी मिळायची, माणसांना नाही. सोमवारी मी दहाला पोचायचे, तोवर आप्पांनी बावीसपैकी एकवीस चित्रं भिंतीकडे तोंड करून टांगलेली असायची. बघायला येणाऱ्यांना दिसायचे खाकी कागद, गंजलेले खिळे, कोळ्याची जाळी आणि एका चौकटीवर कुण्या सुताराने पेन्सिलने केलेली बेरीज. जगभरातली संग्रहालयं सोमवारी बंद असतात. आमचे मालक रविवारी बंद ठेवत, कारण रविवारी त्यांचं सुताचं दुकान बंद असे. दोन ठिकाणी दोन वेगळे वार लक्षात ठेवणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं.

सोमवार बसवण्णाचा, म्हणजे नंदीचा. होटगीपासून अक्कलकोटपर्यंत कित्येक घरांत त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. आप्पांच्या घरातही ठेवत नसत. चित्रातला बैल झाला म्हणून त्याला सोमवार लागू नाही, असं कोणत्या पुराणात लिहिलंय, हा त्यांचा सवाल होता. मी कलाशाळेत पाच वर्षं घासून आले होते, पण ह्या सवालाचं उत्तर आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं.

चित्रं सगळी गोऱ्या साहेबाच्या काळातली. कापसाच्या गाड्या मालधक्क्याकडे निघाल्यात, निळीचे हौद, उसाचा चरक, नदीकाठी मालाच्या नावा, खळ्यावर धान्याच्या राशी, एक चित्र सोडलं तर प्रत्येकात कुठे ना कुठे बैल, आणि ह्या सगळ्यामागे गुलाबी आभाळ. कुण्या मिलचा गोरा मॅनेजर विलायतेला परतताना सामान विकून गेला, तेव्हा मालकांच्या आजोबांनी एक शिसवी टेबल घेतलं. टेबलाबरोबर चित्रं आली. टेबल पुढे वाळवीने खाल्लं. चित्रांना वाळवी लागली नाही, म्हणून मालकांनी सात रस्त्याच्या अलीकडच्या आपल्या जुन्या गोदामाला चुना मारून तिथे ती टांगली, दारावर पाटी लावली आणि यादी करायला मला नेमलं. आप्पा तिथे आधीपासूनच होते. चित्रं नव्हती तेव्हाही होते.

ते मूळचे गाडीवान. मालकांच्या वडिलांच्या काळात स्टेशनवरून सुताचे गठ्ठे बैलगाडीतून दुकानात आणायचे. टेम्पो आले तशी गाडी गेली, बैल गेले, आप्पा राहिले. मालकांनी त्यांना गोदामाची राखण दिली, आणि गोदामाचं दालन झालं तसे राखणदाराचे मार्गदर्शक झाले. लिहायला-वाचायला येत नव्हतं. त्यामुळे चित्रांखाली मी कष्टाने टाइप करून लावलेल्या पट्ट्यांचा त्यांच्यावर काडीचाही परिणाम झाला नाही.

मला ते आक्का म्हणत. मी त्यांच्या नातीच्या वयाची, पण बाईमाणसाला दुसरं काय म्हणायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं.

त्यांची चित्रं दाखवायची रीत वेगळीच होती. चित्रकार कोण, शैली कोणती, असल्या फंदात ते पडत नसत. पुण्याहून आलेल्या एका प्राध्यापकांनी विचारलं, "हे साधारण कोणत्या सालचं असावं?"

"साल इचारू नका," आप्पा म्हणाले. "म्हैना सांगतो. बोंडं पुरी फुटल्यात, गाडीवानानं घोंगडं घेतलंय. दिवाळी होऊन पंदरा दिवस झाल्यात."

प्राध्यापकांनी ते वहीत लिहून घेतलं. मी त्या चित्राच्या सालाचा अंदाज बांधायला दोन महिने घालवले होते, ते त्यांनी विचारलंसुद्धा नाही.

दालनातल्या सर्वांत मोठ्या चित्रावर आप्पांचा विशेष राग होता. आठ फुटी कॅनव्हास, कापसाच्या गाड्यांची लांबच लांब रांग. चित्रकाराने जू बैलाच्या वशिंडाच्या मागे ठेवलं होतं. "ह्यो चितारी गाडीत कदी बसला न्हाय," आप्पा येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. "असं जू ठिवलं तर गाडी हितंच ऱ्हाईल आन् बैल एकटाच ठेसनावर जाईल." मग जरा थांबून म्हणत, "तरी शंभर वर्षं वढतोय बिचारा." एकदा कारहुणवीच्या, म्हणजे आमच्याकडच्या बैलपोळ्याच्या दिवशी मी आले, तर त्या बैलांच्या चौकटीला गुलाल लावलेला आणि खाली केळीच्या पानावर पुरणपोळी. तेलरंगाच्या जुन्या चित्राजवळ गुलाल म्हणजे काय अनर्थ, हे मी अर्धा तास समजावलं. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि एक पोळी मला दिली.

हे खाऊ घालणं हा त्यांचा दुसरा आजार. कुणी दाराबाहेर पाऊल टाकतंय म्हटलं की त्यांचा हात पिशवीत जाई. मी झेरॉक्स काढायला सात रस्त्यावर निघाले, स्कूटरवर पाच मिनिटं, तरी कागदात गुंडाळलेली कडक भाकरी आणि शेंगांची चटणी माझ्या हातात कोंबत.

"आप्पा, मी आत्ता परत येणार आहे."

"येशीला की. आमी कुटं न्हाय म्हणतोय? वाटंत असू द्या."

वीज मंडळाचा माणूस मीटर बघायला आला तरी भाकरी घेऊन जाई. दोन वर्षांत माझं वजन आठ किलोंनी वाढलं. ह्या आजाराचं मूळ मला पुढे कळलं, ते बाविसाव्या चित्रापाशी.

बाविसावं चित्र चहाच्या मळ्याचं. दक्षिणेतला कुठला तरी हिरवागार डोंगर, वर धुकं, एका झाडाखाली घोड्यावर साहेब, आणि उतारावरून खांद्यावर लाकडी पेट्या घेऊन चढणारी सात माणसं. चित्र म्हणून ठीकठाक. हिरवा रंग जरा जास्तच वापरलेला. यादीत मी त्याला 'सामान्य' असा शेरा मारला होता.

आप्पा रोज सकाळी आल्यावर आधी ह्या चित्रापुढे उभे राहत, हात जोडत नसत, नुसते उभे राहत. एकदा मी कारण विचारलं.

"डावीकडनं तिसरा," ते म्हणाले. "त्यो माझा पंजा."

पंजा म्हणजे पणजोबा. सातांपैकी तो एकच पूर्ण पाठमोरा होता. धोतर, उघडी पाठ, खांद्यावर पेटी, डोक्याला फडकं. चेहऱ्याचा पत्ता नाही.

"कशावरून?"

"त्वांड दिसत न्हाय त्यावरनंच की. त्वांड दिसलं असतं तर ह्यो न्हवं म्हणायला जागा व्हती. आता कोण म्हणंल न्हवं म्हणून?"

मग त्यांनी सांगितलं. दुष्काळ पडला, पणजोबाने बैलजोडी विकली आणि मुकादमाबरोबर चहाच्या मळ्यात कामाला गेला. तो परत आला नाही, त्याचं पत्र नाही, निरोप नाही. हे त्या काळी कित्येक घरांत झालं असेल. आप्पांच्या घराला लागलं ते वेगळंच. तो निघाला त्या दिवशी घरात पसाभर पीठ नव्हतं. पणजीने त्याला रिकाम्या हाताने वाटेला लावलं. पुढे ती पुष्कळ जगली, म्हातारी झाली, भ्रमिष्ट झाली, तरी दारातून कुणीही बाहेर पडलं की ओरडायची, "भाकरी बांधली का?" तेव्हापासून त्यांच्या घरातून विहिरीवर जाणारा माणूससुद्धा भाकरी घेऊन जायचा.

"आन् त्यो तसाच गेला," आप्पा चित्राकडे बघत म्हणाले. "उपाशी."

मी यादीतला 'सामान्य' हा शेरा खोडला. त्याजागी काय लिहावं ते सुचेना, म्हणून रकाना मोकळा ठेवला.

मग गोदामाचं छत गळायला लागलं. मालकांनी ठरवलं की एक चित्र विकायचं आणि छत करून घ्यायचं. मुंबईतल्या एका मोठ्या हॉटेलसाठी जुनी चित्रं निवडणाऱ्या बाई होत्या, त्यांना फोटो पाठवले. त्यांना आठ फुटी कापसाच्या गाड्या आवडल्या. आप्पांना कळलं तेव्हा ते खूशच झाले. "जाऊ द्या की," म्हणाले. "हाटेलात बैलांना सावली तरी घावंल." त्यांना धास्ती होती ती बाविसाव्याची. ते जाणार नाही हे कळल्यावर त्यांनी त्या दिवशी मला दोन भाकऱ्या दिल्या.

बाई येणार तो दिवस मालकांनी ठरवला. तो सोमवार निघाला. माणूस आयुष्यभर सूत विकतो आणि वार बघत नाही, ह्याला काय म्हणावं?

मी त्या दिवशी नऊलाच पोचले. एकवीस चित्रं पाठमोरी झालेली. बाविसावं नेहमीसारखं सरळ, कारण त्यात बैल नव्हता. कापसाच्या गाड्या दिसणार नाहीत आणि दालनात दिसणारं एकच चित्र कोणतं, तर हे.

"आप्पा," मी म्हटलं, "आजच्या दिवस हेही फिरवू या."

"ह्यात बैल कुटं हाय?"

"बैल नाही, पण माणसं बैलाचंच काम करतायत ना? मग तीही जुंपलेलीच झाली."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, पटलं. त्यांनी चित्र खिळ्यावरून उतरवलं, पोटाशी धरलं आणि तसेच उभे राहिले. मी वाट बघत होते. खरं सांगायचं तर माझी तेव्हा देवावर बरीच श्रद्धा बसली होती. मग त्यांनी चित्र होतं तसंच, तोंड बाहेर करून, परत टांगलं आणि अंगठ्याने चौकट सारखी केली.

"नेम बैलाचा हाय, आक्का. माणसाला सोमवार कुणी दिलाय? मला पायजे म्हणून आज नवा नेम काढला तर बाकीच्या एकवीस जणांसंगं खोटं केल्यागत हुतंय."

बाई अकराला आल्या. बरोबर मालक, घामाघूम. बाई पन्नाशीच्या, पांढऱ्या केसांच्या, चांगल्या होत्या. हे कबूल करायला मला आजही जड जातं. मालकांनी एकवीस पाठी पाहिल्या आणि त्यांना वार आठवला.

"आप्पा, पाच मिनिटं सरळ करा. बाईंची चारची गाडी आहे."

"पाच मिनिटं जुंपलं तरी जुंपलंच की, मालक."

"अहो, चित्र आहे ते."

"मंग आईसायबांना फोन लावा. त्या करा म्हणल्या तर करतो."

मालकांच्या आई नव्वदीच्या, आणि त्यांच्या घरीही सोमवार कडक. मालकांनी खिशातून फोन काढला, त्याच्याकडे बघितलं आणि परत खिशात ठेवला. बाईंना मी सगळं समजावून सांगितलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "असू दे, त्यांचा नियम मोडू नका." मग फिरून त्यांनी दालनावर नजर टाकली आणि अर्थातच बाविसाव्या चित्रापुढे जाऊन थांबल्या.

इथे आप्पांनी गप्प बसायचं होतं. एवढंच करायचं होतं. पण बाईंनी विचारलं, "ह्या चित्रात विशेष काय आहे?" आणि गेली कित्येक वर्षं शाळेच्या पोरांनी जांभया देत ऐकलेल्या माणसाला पहिल्यांदाच असं विचारणारं कुणी भेटलं. आप्पा सुरू झाले. वरचं धुकं कोणत्या महिन्याचं, पेटी कोणत्या खांद्यावर धरल्यावर चढण सोपी जाते, साहेबाचा घोडा का कंटाळलाय. मी मागून खोकले. पदर ओढावा तशी त्यांची बाही ओढली. ते डावीकडून तिसऱ्यापर्यंत आलेच. दुष्काळ, मुकादम, रिकाम्या हाताने गेलेला माणूस, भ्रमिष्ट पणजी, सगळं सांगितलं. असं रसाळ त्यांनी मलाही कधी सांगितलं नव्हतं. माल खपवायला मालकांनी महिन्याच्या पगारावर माणूस ठेवला असता, तर त्यालाही हे जमलं नसतं.

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या मालकांकडे वळून म्हणाल्या, "मला हेच हवं."

आप्पांचं पुढचं वाक्य तयार होतं, ते आतच राहिलं.

बाई गेल्यावर मी त्यांच्यावर चिडले. वयाने मोठ्या माणसाला बोलू नये ते बोलले. चित्र फिरवलं नाहीत ते नाहीत, निदान जीभ तरी आवरायची होती. ते स्टुलावर बसून ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "बाईनं इचारलं की. न्हाय कसं सांगायचं?" मग चहा पितो म्हणून बाहेर गेले आणि दुपारपर्यंत आले नाहीत. मला ते परत येणार नाहीत अशी भीती वाटली आणि माझ्या बोलण्याची लाज वाटली.

मालकांकडे मी जाऊन बोलले. ते वाईट माणूस नव्हते. "शब्द दिलाय," म्हणाले, "आणि छत गळतंय."

गुरुवारी मुंबईहून चित्र बांधायला दोन माणसं आली. लाकडी खोका, फुगेवाला प्लॅस्टिकचा कागद, पट्ट्या. आप्पा सकाळीच एक गाठोडं घेऊन आले होते. स्वच्छ पंचाचा तुकडा, त्यात कडक भाकऱ्या आणि चटणीची पुडी. माझ्यासमोर बसून त्यांनी भाकऱ्या एकावर एक ठेवल्या, कानडीत मोजत: "ओंदु, एरडु, मूरु, नालकु, ऐदु." पाच. गाठ मारली.

"हे खोक्यात ठिवा, आक्का. त्याच्या पायाशी."

मी नाही म्हणणार होते. तेल, मुंग्या, दमटपणा, सगळी कारणं ओठांवर होती. त्यांच्याकडे बघितलं आणि हो म्हटलं. ते बाहेर जाऊन टेम्पोवाल्याला रस्ता दाखवायला उभे राहिले. मी गाठोडं सोडलं, चटणीची पुडी तीन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घातली, पुन्हा गाठ मारली आणि गाठोडं खोक्याच्या तळाशी बसवलं. माणसांनी वर फळी ठोकली. चित्र जाताना आप्पा टेम्पोमागे दहा पावलं चालले आणि थांबले.

पुढच्या आठवड्यात मालक दालनात आले. चेहरा गोंधळलेला.

"बाईंचा फोन होता. खोक्यातून भाकऱ्या पाठवल्याबद्दल माझे आभार मानत होत्या. मी कुठं पाठवल्या? म्हणाल्या, अशी चटणी जन्मात खाल्ली नाही, अजून पाठवा."

आप्पा ताडकन उठले. "तिनं खाल्ल्या? त्या तिला न्हवत्या."

"चारही संपवल्या म्हणाल्या."

आप्पा काही तरी जोरात बोलणार होते, ते थांबले.

"किती?"

"चार. गाठोडं घरी नेलं, घरात चौघं, एकेक वाट्याला आली, असं म्हणाल्या."

"पाच बांदल्या व्हत्या," आप्पा सावकाश म्हणाले. त्यांनी बोटांवर पुन्हा मोजलं आणि माझ्याकडे पाहिलं. "आक्का, तुमच्यासमोर मोजल्या की. ऐदु."

"हो," मी म्हटलं. "पाचच होत्या."

"खोक्याला फळी ठोकल्याली."

"हो."

ते पुन्हा स्टुलावर बसले. रिकाम्या भिंतीवर बाविसाव्या चित्राचा चुना न उडालेला चौकोन होता, तिकडे वळले. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्यांना ओळखायला लागल्यापासून कधी पाहिलं नव्हतं.

"मंग एक त्यानं खाल्ली," ते म्हणाले.

ती मी खाल्ली होती. चटणी पिशवीत भरताना वास आला. सकाळपासून पोटात काही नव्हतं. खोका बांधणारी माणसं पलीकडे खिळे शोधत होती. मी उभ्याउभ्या एक भाकरी मोडली, चटणीला लावली आणि संपवली, बोटंही चाटली. पुढे होऊन सांगायला मी तोंड उघडलं होतं. आप्पांकडे बघून मिटलं. एवढ्या मोठ्या चोरीची कबुली मी आज पहिल्यांदा देते आहे. आप्पांना वाचता येत नाही, आणि त्यांच्या नातवाला मी दम देऊन ठेवला आहे.

दुसऱ्या दिवशी शाळेची सहल आली. आप्पांनी एकवीस चित्रं दाखवली आणि पोरांना घेऊन रिकाम्या भिंतीपुढे उभे राहिले. हिरवा डोंगर, धुकं, साहेबाचा घोडा, सगळं बोटाने दाखवलं. पोरं मान वर करून चुन्याकडे बघत होती.

"हितं, डावीकडनं तिसरा, माझा पंजा व्हता."

"मग आता कुठं गेला?" एका मुलीने विचारलं.

"मुंबईला," आप्पा म्हणाले. "पर जेवून गेला."